समाचाराला जाण्यापूर्वी

आपल्याकडे आजारी माणसाच्या समाचाराला जाणे हा नुसता भावनेचा विषय मानलेला नाही, तो कर्तव्याचा विषय मानलेला आहे. आणि या कर्तव्याची नोंद कोणत्याही वहीत होत नसली तरी, कोण आले, कोण आले नाही, कोण नुसते दारातून डोकावून गेले, याचा तपशील घराघरांतील जाणत्या बायकांच्या स्मरणात लग्नातल्या आहेराइतक्याच काटेकोरपणाने जपलेला असतो. सुनेचे बाळंतपण झाले आणि नणंदेच्या सासरहून कुणी फिरकले नाही, किंवा काकांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि धाकट्या पुतण्याला सवड मिळाली नाही, ही कसूर पुढे कित्येक वर्षे बोलण्यात येत राहते. या लोकाचाराची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या काळी आजारी माणूस आपल्याच घराच्या माजघरात पडलेला असे, वैद्य येऊन नाडी पाहून जात असे, आणि औषधापेक्षा माणसांच्या सोबतीवरच रोग्याची भिस्त असे, त्या काळी शेजारपाजाऱ्यांचे येणे हाच अर्धा इलाज होता. परंतु आता रोगी माजघरातून उठून रुग्णालयाच्या खाटेवर गेला आहे, त्याच्या दोन्ही अंगांना त्याच्याहूनही अशक्त असे परके रोगी झोपलेले आहेत, आणि वैद्यकाच्या प्रगतीमुळे, पूर्वी जे वाचलेच नसते असे कितीतरी जीव आज नळ्यांच्या व यंत्रांच्या आधाराने तग धरून आहेत. अशा स्थितीत समाचाराची जुनी रीत जशीच्या तशी रुग्णालयात नेली तर जिच्यामागे केवळ माया आहे तीच गोष्ट अपायाला कारण होऊ शकते, याचा विचार मात्र आपण पुरेसा केलेला नाही.

रुग्णालयातील सगळेच रोगी सारखे दुर्बळ नसतात, आणि म्हणून सर्वांना एकच नियम लावणेही शहाणपणाचे नव्हे. पाय मोडून पडलेल्या एखाद्या धडधाकट तरुणाला चार मित्र भेटून गेले, तर त्याचे फारसे बिघडत नाही. कर्करोगासाठी केमोथेरपी घेणाऱ्या रोग्याची गोष्ट अगदी निराळी. जंतूंशी झुंजणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका मायक्रोलीटरमध्ये सामान्यतः १,५०० हून अधिक असतात. औषध दिल्यानंतर बहुधा ७ ते १४ दिवसांच्या अवधीत त्यांची संख्या तळाला जाते, आणि ती ५०० च्या खाली उतरली म्हणजे, एरवी आपल्या त्वचेवर व आतड्यांत निरुपद्रवीपणे नांदणारे जंतूसुद्धा प्राणघातक ठरू शकतात. अशा रोग्याला नुसता ताप येणे हीच निकडीची अवस्था समजतात, कारण सूज येणे, पू धरणे ही संसर्गाची नेहमीची चिन्हे उत्पन्न करण्याइतक्याही पेशी त्याच्या शरीरात शिल्लक नसतात. ज्याला दुसऱ्याचे मूत्रपिंड किंवा यकृत बसविले आहे, त्याची प्रतिकारशक्ती डॉक्टरांनीच औषधे देऊन बुद्ध्या क्षीण केलेली असते, नाहीतर शरीर त्या परक्या अवयवाचा स्वीकार करणार नाही. भाजलेल्या माणसाचे त्वचेचे कवचच नाहीसे झालेले असते. आणि ३७ आठवडे पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या अर्भकाचे दुर्दैव दुहेरी: आईच्या रक्तातील संरक्षक प्रतिपिंडे गर्भात उतरतात ती मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, तो काळच त्याला पुरता लाभलेला नसतो; आणि त्याची त्वचा इतकी पातळ व अपक्व असते की जंतूंना अडविण्याचे तिचे सामर्थ्यही अपुरेच असते.

अशा रोग्यांच्या भेटीला जो येतो तो काही आजारी दिसत नाही, आणि खरी अडचण तेथेच आहे. ज्याच्या अंगात फणफणून ताप आहे त्याला घरचीच माणसे बाहेर पडू देणार नाहीत. परंतु इन्फ्लुएन्झाचा विषाणू ताप चढण्यापूर्वी सुमारे एक दिवस आधीपासूनच इतरांकडे जाऊ लागतो, कांजिण्यांचा विषाणू अंगावर पहिला फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधी, तर गोवराचा पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून संसर्गक्षम असतो. आणि गोवराचा रोगी खोलीतून निघून गेल्यानंतरही तो विषाणू तेथील हवेत दोन तासांपर्यंत टिकून राहू शकतो. म्हणजे शाळेतून परस्पर आजोबांना भेटायला आणलेला हसता-खेळता नातू, स्वतः त्या वेळी पूर्ण बरा वाटत असताना, शेजारच्या वॉर्डातील रक्ताच्या कर्करोगाने पीडित मुलाला कांजिण्या देऊन जाऊ शकतो, आणि त्या मुलाला त्या कांजिण्या साध्या जात नाहीत. प्रौढ माणसाची आठवडाभराची साधी सर्दी आरएसव्ही या लघुनावाने ओळखल्या जाणाऱ्या विषाणूची असेल, तर तान्ह्या मुलाच्या फुप्फुसांतील सूक्ष्म श्वासनलिका तीच सर्दी सुजवून टाकते. वडीलधाऱ्यांचा रेंगाळलेला खोकला कधी डांग्या खोकला असतो, आणि ओठाच्या कोपऱ्यावर उठलेल्या नागिणीसारख्या बारीक फोडांतला हर्पिसचा विषाणू, बाळाचा मुका घेण्याच्या कौतुकातून नवजात अर्भकाच्या अंगात शिरला तर त्याच्या मेंदूपर्यंत पोहोचू शकतो. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश ज्या देशात आहेत, त्या देशात दोन आठवड्यांहून अधिक काळ खोकणाऱ्याने थुंकी तपासून घेण्यापूर्वी दुर्बळ रोग्याच्या उशाशी बसू नये, हे तर निराळे सांगावयास नको.

इतके सांगितल्यावर एक गोष्ट न्यायाने सांगितलीच पाहिजे. रुग्णालयात होणाऱ्या संसर्गाचा मोठा वाटा भेटीला येणाऱ्यांच्या माथी मारता येत नाही. तो रुग्णालयाच्या आतच उत्पन्न होतो, एका रोग्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांच्या हातांतून, शिरेत घातलेल्या नळीतून, लघवीच्या कॅथेटरमधून, कृत्रिम श्वासोच्छ्वासासाठी घशात उतरविलेल्या नळीतून. या विषयाच्या इतिहासात आरोपीच्या पिंजऱ्यात पहिल्यांदा उभा राहिला तो नातेवाईक नव्हे, डॉक्टरच. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुईणी. आणि १८४१ ते १८४६ या काळात पहिल्या विभागात मृत्यूचे प्रमाण सरासरीने शेकडा १० च्या आसपास तर दुसऱ्यात शेकडा ४ च्या आसपास होते. या तफावतीने अस्वस्थ झालेल्या इग्नाझ सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरला उत्तर सापडले ते एका मित्राच्या मृत्यूतून: शवविच्छेदन करताना विद्यार्थ्याच्या हातातली सुरी लागून तो मित्र ज्या विकाराने गेला, त्याची लक्षणे बाळंतज्वराशी तंतोतंत जुळत होती. शवागारातून उठून विद्यार्थी थेट बाळंतिणींकडे येत होते. १८४७ च्या मे महिन्यापासून सेमेलवाइसने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणे सक्तीचे केले, आणि एप्रिलमध्ये जे मृत्यूचे प्रमाण शेकडा १८ होते ते जूनमध्ये शेकडा दोनच्या जवळ आले. सूक्ष्मजंतूंची उपपत्ती तोवर प्रस्थापित झालेली नव्हती, आणि आपले स्वच्छ, सुसंस्कृत हात मृत्यू वाहून नेतात हे मान्य करणे व्हिएन्नाच्या प्रतिष्ठित वैद्यांना अवघड गेले. तेच आज नातेवाइकांना अवघड जाते. कारण ज्या हाताने आपण मायेने कपाळ कुरवाळतो त्या हातावर अविश्वास दाखविणे कोणालाही अपमानास्पद वाटते.

हाताचे हे माहात्म्य दाखविणारा एक प्रयोग अमेरिकेतील रॉचेस्टर येथे कॅरोलाइन हॉल व त्यांच्या सहकाऱ्याने केला, आणि तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आरएसव्हीने आजारी अर्भकांच्या सहवासात स्वयंसेवकांच्या तीन तुकड्या ठेवल्या होत्या. पहिल्या तुकडीने मुलांना मांडीवर घेऊन त्यांची शुश्रूषा केली. दुसरीने मूल खोलीत नसताना त्याचा पाळणा, खेळणी, आजूबाजूच्या वस्तू हाताळून मग स्वतःच्या नाकाडोळ्यांना बोट लावले. तिसरी तुकडी मुलापासून सहा फुटांहून अधिक अंतरावर नुसती बसून राहिली. पहिल्या तुकडीतील सातांपैकी पाच जणांना व दुसऱ्या तुकडीतील दहांपैकी चौघांना संसर्ग झाला. दूर बसलेल्या चौदांपैकी एकालाही झाला नाही. प्रयोगात विषाणू मुलाकडून मोठ्या माणसाकडे गेला, परंतु वाट उलटीही तीच आहे. खोलीत असणे यापेक्षा काय हाताळले आणि मग तो हात कोठे नेला, याला अशा रोगांत अधिक महत्त्व आहे. आणि हात धुता येतात, ही या सबंध विषयातील सर्वांत आश्वासक गोष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शिकेत त्याची रीत सांगितली आहे: अल्कोहोलयुक्त द्राव तळहात, हातांच्या पाठी, बोटांच्या बेचक्या, अंगठे व नखांची टोके यांवर २० ते ३० सेकंद चोळावा, किंवा साबण-पाण्याने हात धुवावयाचे तर सगळा विधी ४० ते ६० सेकंदांचा असावा. उलट्या-जुलाबांचा काही प्रादुर्भाव असेल तेथे मात्र साबण-पाणीच श्रेयस्कर, कारण नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर व काही जंतूंच्या कठीण बीजाणूंवर अल्कोहोलची मात्रा पुरेशी चालत नाही.

आपल्याकडील अतिदक्षता विभागाच्या दाराशी क्षणभर उभे राहिले, तर या बाबतीत एक चमत्कारिक विसंगती दृष्टीस पडते. चपला बाहेर काढण्याचा नियम तेथे कडक रीतीने पाळला जातो. पादत्राणे घालून कोणी उंबरा ओलांडला तर दरवानापासून आयाबाईपर्यंत सर्वजण त्याच्यावर तुटून पडतात. परंतु चपला काढताना ज्या हातांनी त्यांचे पट्टे सोडविले, ते हात तसेच आत गेले तर कोणी हटकत नाही. कोठे कोठे भेटीला येणाऱ्यास एक धुवट, बहुतांच्या अंगाखालून गेलेला झगाही चढवावयास देतात, आणि तो घातला म्हणजे आपण निर्जंतुक झालो अशी त्या बिचाऱ्याची प्रामाणिक समजूत होते. नवजात बालकांच्या कक्षात परिचारकांनी व पाहुण्यांनी असा झगा घालण्याच्या प्रथेचे विविध अभ्यास एकत्र करून परीक्षण झाले आहे, आणि त्या प्रथेने बालकांतील संसर्ग किंवा मृत्यू कमी होतात असा पुरावा मिळाला नाही. जे डोळ्यांना स्वच्छ दिसते आणि जे खरोखर संसर्ग टाळते, यांत अंतर आहे. विधी जितका ठळक तितके त्याचे समाधान मोठे. परंतु रोग्याचे रक्षण होते ते कोपऱ्यातल्या त्या साध्या नळाखाली, आणि तो नळ पुष्कळदा कोरडा असतो.

समाचाराला जाताना हात रिकामे नसावेत, हाही आपला एक जुना दंडक. पुष्पगुच्छ नेण्याची पद्धत साहेबांकडून आली, परंतु फुलदाणीतील पाणी जंतूंची उत्तम वसाहत असते, हे १९७३ मध्येच 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातील एका शोधनिबंधाने दाखवून दिले होते. म्हणूनच अतिदक्षता विभागात व प्रतिकारशक्ती खालावलेल्या रोग्यांच्या खोल्यांत ताज्या फुलांना, आणि मातीच्या कुंडीला तर त्याहूनही अधिक, मज्जाव असतो, कारण ओल्या मातीत अॅस्परजिलससारख्या बुरशीचे बीजाणू असतात आणि निरोगी फुप्फुसाला काहीही न करणारे हे बीजाणू दुर्बळ फुप्फुसात मूळ धरतात. देवस्थानाहून आणलेले तीर्थ आणि प्रसाद यांविषयी लिहिताना लेखणी थोडी जपून चालवावी लागते. श्रद्धेचा अधिक्षेप करण्याचे येथे प्रयोजन नाही. परंतु ज्याच्या पांढऱ्या पेशी पाचशेच्या आत आहेत अशा रोग्याने न उकळलेले पाणी आणि न धुतलेली, चिरून ठेवलेली फळे घेऊ नयेत, हे त्याच्या डॉक्टरांनी सांगितलेले असते, आणि तीर्थ कितीही पवित्र असले तरी ते पाणीच असते. प्रसाद रोग्याच्या हातावर न ठेवता उशाशी बंद पुडीत ठेवला, तर देवाची मर्जी खप्पा होईल असे मानण्याचे कारण नाही.

येथवर वाचल्यानंतर एखादा कारभारी वृत्तीचा वाचक म्हणेल की, मग भेटीच बंद कराव्या आणि दाराला कुलूप घालावे, म्हणजे प्रश्नच मिटला. हा उपाय नवा नाही; तो पुष्कळदा करून पाहिलेला आहे, आणि त्याचे फळ काय मिळाले हेही नोंदलेले आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी घराघरांची झडती घेऊन रोग्यांना इस्पितळात व इतरांना विलगीकरणाच्या छावण्यांत हलविण्याची सक्ती झाली, तेव्हा आपले माणूस आपल्या दृष्टीआड परक्यांच्या हाती मरणार या भीतीने लोकांनी रोगी लपवून ठेवले. म्हणजे संसर्ग आवरण्यासाठी काढलेला हुकूमच संसर्गाला साह्यकर्ता झाला. मुंबईत त्याच सुमारास निरनिराळ्या ज्ञातींनी व समाजांनी आपापली प्लेग इस्पितळे उभारली, तेथे आपल्या लोकांचा वावर असल्याने रोगी अधिक विश्वासाने दाखल होत. त्यांत जातिभेदाचा अंश होता हे खरे. परंतु ज्याला आपण बरे करू इच्छितो त्याच्या आप्तांचा विश्वास हाही बंदोबस्ताचा भाग आहे, हा त्यातला धडा टाकाऊ नव्हता.

इंग्लंडातील मुलांच्या वॉर्डांचा इतिहास तर याहून बोलका आहे. १९४० नंतरच्या दशकापर्यंत तेथील पुष्कळ रुग्णालयांत आईबापांना आजारी मुलाला आठवड्यातून एकदा-दोनदा, तेही तास-दोन तास, भेटण्याची मुभा असे. काही ठिकाणी तेवढीही नसे. बाहेरून रोग येईल हे एक कारण, आणि आई दिसली की मूल रडते, म्हणून न दिसलेली बरी, हे दुसरे. न्यूकॅसलमध्ये जेम्स स्पेन्स या बालरोगतज्ज्ञाने मात्र १९२० नंतरच्या दशकातच आयांना मुलांबरोबर ठेवून त्यांच्याच हातून शुश्रूषा करविण्याचा पायंडा पाडला होता. पुढे १९५२ मध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील आठ दिवसांच्या वास्तव्याचा चित्रपट तयार केला. त्यात दिसणारे, रडणे दाबून धरणारे, हळूहळू आईपासूनही परके होत जाणारे ते मूल पाहून वैद्यकीय जगत प्रथम चिडले आणि मग विचारात पडले. १९५९ मध्ये प्लॅट समितीच्या अहवालाने मुलांच्या भेटीवरील निर्बंध उठविण्याची व लहानग्यांच्या आयांना सोबत राहू देण्याची शिफारस केली. मुलांच्या वॉर्डांची दारे क्रमाक्रमाने उघडत गेली, आणि आईला मुलाजवळ राहू देण्याची रीत आता सर्वमान्य झाली आहे.

मोठ्या माणसांच्या अतिदक्षता विभागाविषयीही अलीकडे पुरावा जमला आहे. इटलीतील फ्लॉरेन्स येथील एका अशाच लहान विभागात काही काळ कडक, काही काळ मोकळ्या भेटी अशी आलटून-पालटून व्यवस्था करून पाहिली, आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. मोकळ्या भेटींच्या काळात खोलीतील जंतूंचे प्रमाण वाढले. परंतु रोग्यांतील जंतुबाधा वाढली नाही, उलट हृदयविकाराच्या गुंतागुंती कमी झाल्या. यातली एक अट मात्र लक्षात घेण्याजोगी आहे: मुभा मोकळी असली तरी एका वेळी माणूस एकच असे. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही, दिवसाचे बारा तासांपर्यंत नातेवाइकाला जवळ राहू दिल्याने संसर्ग वाढल्याचे दिसले नाही. रोग्याचा भ्रम त्यामुळे विशेष घटला नाही हे खरे, पण नातेवाइकांची चिंता व नैराश्य कमी झाले, आणि या नातेवाइकांना आधी बसवून रीतसर माहिती दिलेली होती.

सर्वांत विलक्षण उदाहरण मात्र सर्वांत दुर्बळ रोग्यांचे आहे. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, काचपेट्या अपुऱ्या पडतात आणि एकेका पेटीत एकाहून अधिक अर्भके ठेवावी लागून संसर्ग फैलावतो हे पाहून, तेथील डॉक्टरांनी कमी वजनाची बालके आईच्याच छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवण्यास आरंभ केला. हीच पुढे कांगारू पद्धत म्हणून प्रसिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत जन्मानंतर लगेच, बालक स्थिर होण्याची वाट न पाहता, सुरू करून पाहिली. दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय व आफ्रिकेतील चार देशांतील रुग्णालये त्यात सहभागी होती, आणि त्यासाठी आईला नवजात अतिदक्षता विभागातच खाट दिलेली होती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू एक चतुर्थांशाने घटले आणि जंतुबाधेचा संशय यावा अशा घटनाही कमी झाल्या. ज्या विभागातून आईला जंतूंच्या भयाने बाहेर ठेवले जात होते, तेथे आईच औषध ठरली. अर्थात आई म्हणजे पाहुणी नव्हे, आणि येथेच या सगळ्या प्रश्नाची खरी विभागणी आपल्या ध्यानात येते. दुर्बळ रोग्याला भय आहे ते गर्दीचे, येण्याजाण्याचे, क्षणभर डोकावून जाणाऱ्या वीस जणांच्या चाळीस हातांचे. ठरलेले, निरोगी, हात धुऊन बसलेले, काय करावे व काय करू नये हे जाणणारे एक किंवा दोन जण त्याच्याजवळ असणे हे भयाचे कारण नसून त्याचे बळ आहे. नातेवाईक आत असावा की बाहेर, हा वाद म्हणून चुकीच्या पायावर उभा आहे; त्याने पाहुणा म्हणून यावयाचे की शुश्रूषक म्हणून, एवढेच ठरवावयाचे आहे.

आपल्या सार्वजनिक रुग्णालयांत तर तो फार पूर्वीपासून शुश्रूषकच आहे, फक्त तसे कोणी कबूल करीत नाही. परिचारिकांची संख्या अपुरी, वॉर्डात खाटांहून रोगी अधिक, काही जमिनीवर गादी घालून पडलेले. अशा ठिकाणी रोग्याला भरविणे, कूस बदलविणे, लघवीचे भांडे देणे, रक्ताची चाचणी करण्यासाठी बाटली घेऊन प्रयोगशाळेपर्यंत धावणे, सलाइन संपले की 'सिस्टर' म्हणून हाक मारणे, ही सगळी कामे नातेवाईकच करतो. इतकेच नव्हे, तर शेजारच्या खाटेवरील एकाकी म्हाताऱ्यालाही तो पाणी पाजतो, त्याची चादर नीट करतो. हा आपल्या समाजाचा मोठा गुण आहे, आणि न धुतलेल्या हातांनी तो आचरला म्हणजे एका खाटेवरचे जंतू दुसऱ्या खाटेवर नेण्याची ती हमखास वाटही आहे. गाडगेबाबांनी, ज्यांच्या हातात कायम खराटा असे, मुंबईत रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी धर्मशाळा उभारून या नातेवाइकाचे अस्तित्व फार आधी ओळखले होते: रोग्याबरोबर जो येतो त्यालाही अंग टाकायला, आंघोळ करायला, कपडे धुवायला जागा लागते. परळच्या टाटा रुग्णालयाच्या आसपास दूरदेशाहून आलेली जी कुटुंबे महिनोन्महिने कशीबशी राहतात, त्यांना स्वच्छतेचा उपदेश करण्यापूर्वी पाण्याची सोय करून देणे हे अधिक न्यायाचे आहे.

यापुढे काय करावयाचे ते फार खर्चाचे नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये नवजात बालकांच्या शुश्रूषेत कुटुंबाला सहभागी करून घेण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांचे तत्त्व असे की आईबापांना हात धुण्यापासून बाळाला हाताळण्यापर्यंत सर्व गोष्टी आधी शिकवाव्या आणि मग आत घ्यावे. हेच तत्त्व मोठ्यांच्या वॉर्डांना लावण्यास हरकत नाही. पास देताना खिडकीवरचा कारकून आज नुसते नाव लिहून शिक्का मारतो. त्याच वेळी चार प्रश्न विचारावेत: ताप, सर्दी, खोकला, घशाची खवखव आहे का. गेल्या ४८ तासांत उलट्या-जुलाब झाले आहेत का. अंगावर कोठे पुरळ किंवा ओठावर फोड आहे का. घरात नुकत्याच कोणाला कांजिण्या-गोवर आले आहेत का. यांपैकी कशाचेही उत्तर होय आले, तर त्या दिवशी भेट नाही, आणि यात अपमान नाही. दुर्बळ रोग्यांच्या विभागात दोन नावे ठरवून तीच पासवर लिहावीत, म्हणजे रोज नवी माणसे येणार नाहीत. लहान मुलांना सरसकट बंदी करण्यापेक्षा, साथीच्या दिवसांत व विशेष विभागांत ती असावी. आणि मरणासन्न आईला आपल्या लेकराला पाहण्याची मुभा देण्याइतके तारतम्य नियमात ठेवावे. २०२० मध्ये कोविडच्या लाटेत जे रोगी आप्तांचे तोंड न पाहता गेले, आणि ज्यांचे अंत्यदर्शनही घरच्यांना लाभले नाही, त्यांच्या आठवणीने हे तारतम्य आपण शिकलो नसू, तर मग काहीच शिकलो नाही.

भेटीला जाणाऱ्यानेही आपल्या बाजूने थोडे मन घट्ट करावयास हवे. आपल्याला बरे वाटत नसेल तर न जाणे, हीच त्या दिवशीची खरी भेट समजावी. फोनवर दोन शब्द बोलावे, घरी डबा पोहोचवावा, रात्री रोग्याजवळ जागणाऱ्या वहिनींना चार तास झोप मिळावी म्हणून त्यांच्या मुलांना आपल्याकडे आणावे. गेल्यावर आत शिरताना एकदा आणि बाहेर पडताना एकदा हात धुवावे. दुसरे धुणे आपल्या घरच्या तान्ह्यासाठी व म्हाताऱ्यांसाठी असते, कारण रुग्णालयातले हट्टी, औषधांना न जुमानणारे जंतू आपण बाहेरही आणू शकतो. रोग्याच्या खाटेवर बसू नये, त्याच्या जखमेला, नळ्यांना हात लावू नये, मोबाइल त्याच्या उशाशी ठेवू नये, आणि शेजारच्या खाटेवर काय झाले आहे याची चौकशी प्रेमाने करावयाची तर उभ्या उभ्या, स्पर्श न करता करावी. डॉक्टर हात न धुता आपल्या माणसाजवळ आले, तर नम्रपणे आठवण करण्याचा हक्क नातेवाइकाला आहे, आणि चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही.

मात्र हे सारे पाळले जावे, अशी इच्छा असेल तर रुग्णालयांनी आपला एक जुना शिरस्ता बदलला पाहिजे. आजवर आपण नातेवाइकाला नियम सांगतो, कारण सांगत नाही. 'आत जायचे नाही' हे दरवान ओरडून सांगतो, का जायचे नाही हे कोणीच सांगत नाही, आणि म्हणून तो नियम त्याला सत्तेचा माज वाटतो, मग कोणी ओळखीने, कोणी चिरीमिरीने, कोणी अंगावर धावून जाऊन तो मोडतो. ज्याला आपल्या पुतण्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी आज तीनशे आहेत याचा अर्थ कोणी दोन मिनिटे बसून समजावून सांगितला, तो काका सर्दी असताना त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि इतर आप्तांनाही स्वतःच दारातून परत पाठवील. ज्या रुग्णालयाच्या दारावर मज्जावाच्या पाटीइतकीच मोठी कारणाची पाटी असेल, आणि तिच्याखाली पाणी येणारा नळ व साबण असेल, तेथे दरवानाचे अर्धे काम नातेवाईक आपण होऊन करतील.